जिन्याखालचा निळा दरवाजा

ठकीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं भूतकाका स्वतःला सांगत आले होते. राहून वगैरे काही गेलं नव्हतं. त्यांनी ते दिलं नव्हतं.

भूतकाका हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं. जन्मभर त्यांनी भयकथा लिहिल्या. एरवी मात्र माणूस इतका भिडस्त, की रस्त्यात कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तरी "माफ करा" हेच म्हणायचे. उतारवयात त्यांना परीकथा लिहायची हुक्की आली आणि मुलांसाठी चांगली जाडजूड कादंबरी लिहून झाली. मेंढ्या राखणारी राजकन्या, सावली हरवलेला तिचा भाऊ आणि सावल्या खाणारा राक्षस. शेवटी बहीणभाऊ राक्षसाला राजवाड्याच्या जिन्याखाली, एका निळ्या दरवाजाआड कोंडतात.

गोष्ट तिथेच संपायला हवी होती. पण भूतकाकांच्या धंद्याची एक रीत होती. शेवटच्या ओळीत कडी काढून ठेवायची, म्हणजे वाचक दिवा मालवायला कचरतो. हात सवयीने चालला आणि मुलांच्या पुस्तकाची शेवटची ओळ अशी उतरली: 'सगळे गाढ झोपले, आणि निळा दरवाजा आतून हळूच करकरला.' समीक्षकांनी नेमकी याच ओळीसाठी त्यांची पाठ थोपटली.

पुस्तक वाचून ठकी नावाच्या एका लहान मुलीने पत्रात एवढंच विचारलं होतं: 'दरवाजा नंतर बंद झाला का? आमच्याकडेही जिन्याखाली दार आहे. नुसतं हो किंवा नाही लिहिलंत तरी चालेल.' सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट होतं.

पत्र वाचून भूतकाकांना गुदगुल्या झाल्या होत्या. पोर घाबरली, म्हणजे पुस्तक जमलं. पत्र खणात गेलं. पुढे एकदा मासिकाला कथा पाठवताना तिकिटावाचून अडलं, तेव्हा त्यांनी त्या पाकिटावरचं तिकीट वाफेवर सोडवलं आणि वापरून टाकलं.

हे सगळं त्यांना आठवलं ते वाचनालयात. पुस्तकं परत करायला गेले होते. काउंटरवर नव्याने रुजू झालेल्या ग्रंथपालबाई होत्या, आणि बाइंडिंगला जाणाऱ्या ढिगात त्यांची कादंबरी होती. पाठ पार निखळलेली. भूतकाकांना राहवलं नाही.

"हे वाचतात का हो मुलं?"

"वाचतात की. हाल बघा ना त्याचे." बाई शिक्का मारत म्हणाल्या. "माझी भाची सोडून सगळे वाचतात. ती हे वाचल्यापासून कुठलंही पुस्तक घेताना आधी शेवटचं पान बघते. तिथे सगळं ठीक असलं तर घेते, नाहीतर ठेवून देते. बरीच मोठी झालीय आता, पण सवय काही जात नाही."

"ठकी?" भूतकाकांनी हळूच विचारलं.

बाईंचा शिक्का हवेतच थांबला. "नाव लक्षात आहे तर तुमच्या. सत्कारातही बरोबर घेतलं होतंत."

भूतकाकांची कानशिलं तापली. सत्काराच्या भाषणात त्यांनी ठकीच्या पत्राचा किस्सा सांगितला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यावर सभागृह हसलं होतं. हसू आलं तसा त्यांना चेव चढला. मग बारीक आवाज काढून, डोळे मोठे करून, 'दरवाजा बंद झाला का हो' असं त्यांनी दोन-तीनदा करून दाखवलं होतं.

"ती तिथे होती?"

"माझ्या शेजारी. पुस्तक घेऊन आली होती सहीसाठी. पत्राचं उत्तर आलं नाही, तर तिला वाटलं, समोरासमोर सांगणार असाल."

"मग?"

"मग काय. सगळे हसले, तशी तीही हसली. घरी जाताना म्हणाली, मावशी, सही नको." बाईंनी शिक्का मारला. "काका, नवीन कुठलं देऊ?"

नवीन काही न घेताच ते बाहेर पडले. दारातून परत आले आणि विचारलं, "घर तेच आहे का त्यांचं?"

"घर तेच. जिन्याखालचं दारही तेच."

घरी बायको भाजी निवडत होती. "रिकाम्या हाताने आलात? वाचनालय जळालं की काय?"

त्यांनी सगळं सांगितलं. बोलताना नजर तिच्याकडे नव्हती, भाजीकडे होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "हसले तर मीही होते, पहिल्या रांगेत बसून."

दुपारी ते लिहायला बसले. आधी लिहिलं ते पत्र नव्हतंच, एक अख्खं प्रकरण होतं. राजकन्या उठते, लोहाराला बोलावते, दरवाजावर कुलपं चढतात. बायकोने चष्मा लावून वाचलं.

"'पुन्हा तो दरवाजा कधी करकरला नाही. निदान त्या हिवाळ्यात तरी.' अहो, निदान कशाला?"

"कुठंय निदान?" त्यांनी कागद ओढून घेतला. निदान होतं.

मग त्यांनी पत्र लिहिलं. तो कागद तिने अर्ध्यातच खाली ठेवला. "माफी मागताय की भाषण करताय? यातही लोक हसतील अशा जागा काढल्यात तुम्ही. राहू दे सगळं. तिने काय विचारलं होतं?"

"हो की नाही."

"मग?"

भूतकाका उठून खिडकीपाशी गेले. खरी गोची तीच होती. दरवाजा कशाने करकरला, हे त्यांना लिहिताना माहीत नव्हतं आणि नंतरही कधी कळलं नव्हतं. त्यांनी नुसता आवाज काढला होता. एका पोरीने विश्वासाने विचारलं, तर सांगण्यासारखं जवळ काही नव्हतं, म्हणून तिचीच नक्कल करून दाखवली.

ते परत बसले.

'ठकी, हो. दरवाजा बंद आहे. तो करकरलाच नाही. ते मी उगाच लिहिलं, लोकांना घाबरवायची सवय म्हणून. तुझा प्रश्न बरोबर होता. मला उत्तर सुचलं नाही आणि मी लोकांना तुझ्यावर हसवलं, याची मला लाज वाटते. पाकिटावरचं तुझं तिकीट मी वापरून टाकलं होतं. हे दुसरं आहे.'

बायकोने वाचलं आणि परत दिलं. सही करायला त्यांनी पेन टेकवलं, आणि उचललं. सही नको म्हणाली होती.

खणातलं जुनं पाकीट काढलं. पत्ता ठकीच्याच वळणदार अक्षरात होता, कोपऱ्यात तिकिटाच्या जागी फिकट चौकोन. त्यावर नवं तिकीट बरोबर बसलं.

"मावशीच्या हाती दिलं तर लवकर पोचेल," बायको म्हणाली.

"नको. तिने पोस्टाने मागितलं होतं."

कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी ते थोडे घुटमळले. मोठी झालेली मुलगी हे वाचून पुन्हा हसेल, किंवा न वाचताच फाडेल. तसं झालं तरी त्यांना बोलायला तोंड नव्हतं. त्यांनी पाकीट आत सोडलं आणि ते खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभे राहिले.