ओंडक्याच्या पोटातले बिऱ्हाड

मित्रांनो, मी एक जुना ओंडका आहे. नदीच्या वळणावर अर्धा पाण्यात, अर्धा चिखलात पडलेला. काठावरून जाणारे नाक मुरडतात आणि म्हणतात, "हे काय लाकूड कुजतंय इथे." कुजतोय हे खरे. पण रिकामा बसलेलो नाही.

पूर्वी मी याच काठावरचे झाड होतो. एका पुरात मुळांखालची माती गेली आणि मी आडवा झालो. वाटले, संपले सगळे. तर पुढच्याच उन्हाळ्यात एक मिशाळ मासा माझ्या खोडातल्या जुन्या ढोलीत शिरला, आत-बाहेर करून जागा नीट पाहिली आणि चक्क बिऱ्हाड थाटले. मादी अंडी घालून निघून गेली. हा बाबा मात्र पिल्ले बाहेर पडेपर्यंत पंखांनी अंड्यांवर ताजे पाणी ढकलत बसला. मग दरवर्षी कोणी ना कोणी येऊ लागले. मला त्यांचा लळाच लागला.

नदीत माझ्यासारखे आणखी ओंडके होते. होड्यांना अडचण नको म्हणून लोकांनी ते उचलून नेले. हळूहळू मासे कमी झाले. "आपल्या नदीतले मूळचे मासे गेले कुठे?" अशी हळहळ सुरू झाली आणि मंडळी नदी साफ करायला जमली. पुढाकार एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा. बाटल्या निघाल्या, फाटकी जाळी निघाली, एक सायकलही निघाली. मला किती बरे वाटले म्हणून सांगू. मग माझी पाळी आली.

माझ्याभोवती दोर आवळला. ढोलीत तेव्हा अंडी होती. ओरडायला तोंड नाही, धरून राहायला मुळे नाहीत. मी फार घाबरलो. बाईंचे दीर आणि चार धट्टीकट्टी माणसे ओढू लागली. मी हललो. बाई पाण्यात उतरून गाठ सारखी करत होत्या, तेवढ्यात त्यांच्या बोटांना कोणीतरी धडक दिली. तो मिशाळ बाप होता. बाईंनी वाकून ढोलीत पाहिले.

"भाऊजी, दोर सोडा."

"अहो वहिनी, आत्ता कुठे हलतोय तो. सकाळी तुम्हीच म्हणालात, हा कचरा आहे."

"म्हणाले खरी. पण आत अंडी आहेत. माशांसाठी आलोय आपण आणि त्यांचंच घर उचलतोय."

दिरांनी घाम पुसला. "मग सकाळपासून आम्ही काय व्यायाम करत होतो?"

"तब्येतीला चांगलाच असतो," बाई म्हणाल्या आणि गाठ सोडू लागल्या.

तेव्हापासून मंडळींनी काठाची पट्टी राखली. तिथे गाड्या धुणे बंद झाले. झुडपे वाढली, त्यांची सावली पाण्यावर पडू लागली. मासे परतले. पण मी आता भुसभुशीत झालो आहे. यंदा ढोलीचे छत ढासळले. मिशाळ मासा आला, फिरला आणि निघून गेला. मला फार लागले ते.

गेल्या महिन्यात वादळात दिरांच्या परसातले मोठे झाड पडले. लाकूडवाला दारात येऊन उभा राहिला. दिरांनी त्याला चहा पाजून परत पाठवले, मंडळींना हाक मारली आणि ते अख्खे झाड माझ्या शेजारी पाण्यात आणून सोडले.

मित्रांनो, नदी जरूर साफ करा. फक्त काही उचलण्याआधी आत डोकावून पाहा. माझ्या या नव्या शेजाऱ्याला अजून ढोली नाही. पाने ताजी आहेत, साल घट्ट आहे. त्याला कोणी हलवू नका. सावकाश कुजू द्या.