चिक्कूला कोणाची नजर लागली?

मांजर्लीच्या एका इमारतीत राहणाऱ्या कुंदाताईंचा दुसऱ्या कशावर नसला, तरी नजर लागण्यावर पक्का विश्वास होता. कोणी आमटीला छान म्हटलं तरी संध्याकाळी मीठ-मोहरी उतरवणारी बाई. शेजारची सुरुची एकदा म्हणाली, "काकू, चिक्कू किती गोड दिसतो हो!" आणि दुसऱ्याच दिवशी पिंजऱ्यात पिसं पडलेली दिसली. मग काय विचारता! कुंदाताईंनी तडक उल्हासनगरच्या कॅम्प चारचा बाजार गाठला आणि लोक घरावर टांगतात तो काळ्या राक्षसाचा मुखवटा आणला. बटाट्याएवढे डोळे, लालभडक जीभ. तो त्यांनी पिंजऱ्यासमोर खिडकीच्या गजाला बांधला.

चिक्कू म्हणजे पिवळ्या तुऱ्याचा कॉकाटील, पोपटाच्याच जातीचा छोटा पक्षी. कुंदाताईंचे यजमान शशिकांतराव अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत अर्धांगवायूने त्यांची वाचा आणि उजवा हात नेला. तेव्हापासून ते आणि चिक्कू दिवसभर समोरासमोर. तो शीळ घालायचा, हे हसायचे. त्या घरात तेवढंच हसू उरलं होतं. चिक्कूला काही झालं तर नवराही हातचा जाईल, अशी कुंदाताईंना धास्तीच होती.

आणि चिक्कू बिघडतच चालला. तुरा ताठ, कोपऱ्यात अंग चोरून बसायचा, दाण्याला शिवायचा नाही, छातीची पिसं स्वतःच उपटायचा. आठव्या दिवशी रक्त आलं. कुंदाताईंनी घाबरून निखाऱ्यावर मिरच्या टाकल्या, तर त्याला धाप लागली. शशिकांतराव डावा हात उचलून खिडकीकडे दाखवत "आं, आं" करू लागले. आठवडाभर त्यांचं हेच चाललं होतं.

"हो हो, कळतंय मला. त्या सुरुचीला दारातसुद्धा उभी करत नाही आता," कुंदाताई म्हणाल्या.

शेवटी पिंजऱ्यावर चादर टाकून त्या रिक्षाने पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे, मनालीकडे गेल्या.

"काकी, वजन फार उतरलंय, पण आजार सापडत नाही. हा घाबरलाय," मनाली म्हणाली. "पहिली पिसं पडली ती पडतातच, नॉर्मल आहे. त्यानंतर घरात नवीन काय आणलंत?"

"काही नाही बाई."

"मग पिंजऱ्याच्या उंचीवर डोळे नेऊन बघा, याला काय दिसतं ते. आणि धूर अजिबात नको, जीव जाईल. उद्या सकाळपर्यंत खाल्लं नाही तर ट्यूबने भरवावं लागेल. पण मग मी गॅरंटी नाही देत."

घरी येऊन कुंदाताईंनी पिंजरा जागेवर ठेवला, वाकल्या आणि गजांना गाल लावून समोर बघितलं. दोन पांढरे डोळे थेट त्यांच्यावर रोखलेले होते. अंगावर सर्रकन काटा आला. वळून बघतात तर शशिकांतरावांचा डावा हात पुन्हा तिकडेच.

"अहो, हे सांगत होतात होय?"

त्यांनी मान हलवली. कुंदाताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुखवटा सुरीने कापून काढला, पिंजरा भिंतीला लावला, तीन बाजूंनी चादर सोडली. फोनवर मनाली म्हणाली, "आता जवळ जाऊ नका. त्याच्याकडे टक लावून बघू पण नका. काकांची सवय आहे त्याला, ते बसले तर चालेल."

ते वाक्य कुंदाताईंना चांगलंच झोंबलं. पिंजऱ्याकडे पाठ करून, नवऱ्याकडे तोंड करून त्या गवार मोडत बसल्या. पाच वाजले, सहा वाजले. मागून पिसांचीही हालचाल नाही. गेला की काय? दहादा मान वळवावीशी वाटली, दहादा त्यांनी दात आवळले. शशिकांतरावांची नजर त्यांच्या डोक्यावरून पिंजऱ्यावर खिळली होती आणि त्या चेहऱ्यावर काहीच वाचता येत नव्हतं.

मग त्यांनी डावा हात हळूच उचलला. एक बोट.

कुंदाताईंचे हात थांबले. "एक दाणा खाल्ला?" त्यांनी नुसत्या ओठांनी विचारलं.

दुसरं बोट वर आलं. बराच वेळ काहीच नाही. मग तिसरं, आणि त्याच्यामागोमाग चौथं. कुंदाताईंनी मान वळवली नाही. त्या एकटक त्या हाताकडे बघत राहिल्या, आणि डोळे इतके भरून आले की बोटं मोजता येईनात.