आखूड हात

"सी मोंसेफ, मुलींचे हात यो-योला आखूड पडतात, हे खरं आहे का?"

विचारलं एकदाचं! युवक केंद्राच्या हॉलमध्ये, सगळ्या मुलांसमोर, खणखणीत आवाजात. दाराशी माझ्या मैत्रिणी, अबीर आणि ईया, एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. पैज त्यांचीच. "सिरीन, घरात तर फार गरजतेस. तिथे जाऊन सगळ्यांसमोर विचारून दाखव ना!" गेल्या वर्षीची सिरीन असती तर पोटात दुखतंय म्हणून घरी पळाली असती. यंदाची पळत नाही.

हॉलमध्ये असा काही हशा उठला, की बाहेर सायकलवरून चाललेला पाववालासुद्धा थांबून डोकावला.

सी मोंसेफ, म्हणजे मोंसेफ सर, आमच्या गाबेस गावातल्या निम्म्या पोरांना यो-यो शिकवून मोकळे झालेत. ते हसले नाहीत. "हे ज्ञान तुला कुणी दिलं?"

"भावाने." मी सरळ बोट दाखवलं.

वजदी भिंतीला टेकून उभा होता. हा माझा भाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, खजुराच्या झाडासारखा उंच आणि केंद्राच्या यो-यो संघातला हुकमी खेळाडू. उन्हाळ्यात त्याने त्याचा जुना यो-यो मला दिला, तेव्हा मी त्याच्या गळ्यात पडले होते. (आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.) शनिवारी संघ बसने स्फॅक्स शहरात स्पर्धेला जाणार होता. नवशिक्यांच्या गटात एक जागा रिकामी होती आणि मला ती हवी होती. दुसरं काही नको होतं, तीच हवी होती.

पण माझा यो-यो खाली गेला की टाणकन फरशीवर आपटायचा आणि मेलेल्या उंदरासारखा पडून राहायचा. परत यायचं नावच नाही. गच्चीवर फेकून फेकून खांदा सुजला. खालून उम्मी, म्हणजे आई, ओरडायची, "छत पाडतेस का आमच्या डोक्यावर?" एकदा मी स्टुलावर चढून फेकला, तर काय, सुळ्ळकन परत! मी आनंदाने किंचाळले. तर वजदी म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो? हात आखूड आहेत तुझे. सगळ्या मुलींचे असतात. जा आता स्फॅक्सला, स्टूल डोक्यावर घेऊन!" जेवताना ही गोष्ट त्याने सगळ्यांना करून दाखवली. उम्मीला हसून हसून ठसका लागला. बाबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ दे पोरी, देवाने प्रत्येकाला वेगळं काहीतरी दिलेलं असतं." मला ते पटलं. रात्री आरशासमोर उभी राहून मी माझे हात मापले. पटलं मला!

"फेक बघू," सी मोंसेफ म्हणाले.

मी फेकला. टाण! पोरं पुन्हा खिदळली.

त्यांनी यो-यो उचलला, माझ्या पायाशी जमिनीवर उभा धरला आणि दोरी सरळ वर ओढली. दोरी माझ्या छातीपर्यंत आली. "बेंबीपाशी संपायला हवी," ते म्हणाले. "ही कुणाच्या मापाची?"

हशा कुठच्या कुठे विरला.

"वजदी, पहिल्या दिवशी मी तुला सगळ्यात आधी काय शिकवलं?"

वजदी बुटांकडे बघत म्हणाला, "दोरी कापायला."

ऐकलंत? दोरी कापायला! म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी स्टुलावर चढले तेव्हा माहीत होतं, खांद्याला गरम तेल लावत होते तेव्हा माहीत होतं, ठसका लागेपर्यंत सगळे हसले तेव्हाही माहीत होतं. माझे कान तापले. सी मोंसेफनी कात्री दिली. बेंबीच्या वर बोटभर, गाठीपुरती जागा सोडून, मी दोरी कापली. त्यांनी टोकाला गाठ मारून फास करून दिला आणि मी तो मधल्या बोटात घातला.

आणि असा फेकला, असा फेकला, की यो-यो तिरका जाऊन उलटा आला आणि माझ्याच बोटांवर बसला. डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा फेकला. पुन्हा तिरका.

"मुठीत काय धरलंयस? भावाचा गळा?"

"हो."

"मग सोड. इथे नको, घरी जाऊन धर." आता कुठे ते हसले. "यो-यो आपटायचा नसतो, पोरी. कोपर वाकव, तळहात आकाशाकडे. बोटांवरून घरंगळू दे. गेला की हात पालथा कर आणि वाट बघ. ओढाओढ करू नकोस."

मी श्वास सोडला. कोपर वाकवलं. हात खाली आणला आणि बोटं उघडली. यो-यो सरळ रेषेत खाली गेला आणि फरशीच्या वर, अधांतरी, फिरत राहिला. नुसता फिरत राहिला! मधमाशीसारखा बारीक आवाज करत. दोरीतून तो आवाज माझ्या बोटात येत होता. मी बोट जरासं उचललं आणि तो अलगद माझ्या हातात येऊन बसला. अबीर आणि ईयाने दाराशी आरोळी ठोकली. मग पुन्हा फेकला, पुन्हा आला. राग कुठे गेला नव्हता, जागच्या जागी होता. फक्त मनगटात नव्हता.

"शनिवारी चल," सी मोंसेफ म्हणाले. "ईयाची आईही बसमध्ये असणार आहे. मात्र घरच्या कुणीतरी येऊन मला हो सांगायचं."

वाटेत मी वजदीला गाठलं. "का केलंस?"

"अगं, गंमत."

"अख्खा उन्हाळा गंमत?"

तो थांबला. "बसमध्ये सगळी माझी दोस्तमंडळी असणार. तू तिथे खिदळत बसणार, आणि उद्या चौकात कुणी तुझ्याबद्दल काही बोललं की मी तोंड कुठे लपवू? सांग ना!"

"तुझ्या लांब दोरीत गुंडाळून लपव," मी म्हणाले आणि पुढे निघाले.

जेवायला मासे घातलेला कुसकुस होता, वाफवलेल्या रव्याचा, माझ्या आवडीचा. मी हात लावला नाही. आधी सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता वजदीची खरडपट्टी निघेल. उम्मी म्हणाली, "भाऊच आहे ना तुझा? काळजी वाटली असेल त्याला."

"काळजी वाटली तर माणूस खोटं बोलतो?"

"आवाज खाली, सिरीन."

बाबांनी पाव मोडला. "हे बघ, वजदी तुला सांभाळणार असेल तर जा. नसेल तर नको. संपला विषय."

"मी नाही सांभाळणार," वजदी तोंडात घास घेऊनच म्हणाला.

खोटं त्यानेच बोलायचं आणि परवानगीही त्याच्याच खिशात! मी ताट बाजूला सारलं आणि उभी राहिले. ओरडायचं नव्हतं. ओरडले असते तर सगळे माझ्या आवाजाबद्दलच बोलत बसले असते.

"बाबा, उम्मी, ऐका. मला सांभाळायला वजदी नको. त्याच बसमध्ये ईयाची आई येतेय, सी मोंसेफ आहेत, आणि मी आहे. उद्या दुपारी तुमच्यापैकी एकाने माझ्याबरोबर केंद्रावर यायचं आणि हो सांगायचं. कोण येणार ते तुम्ही ठरवा. शनिवारी मी जातेय, हे माझं ठरलंय."