आतली कडी

रामहरी गुरुजी न्हाणीघरात पडले तेव्हा सकाळचे सात वाजत होते. आधी बादली आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ त्यांचं कण्हणं. दाराला आतून कडी होती. सुकन्या स्वयंपाकघरातून धावत आली, स्वयंपाकही सांभाळणारी मदतनीस सीमा आली, आणि दोघींनी दाराला खांदे लावले. कडी निखळली, दार वीतभर सरकलं आणि पुन्हा अडलं. गुरुजींना बाहेर काढेपर्यंत वीस मिनिटं गेली. खुब्याचं हाड मोडलं होतं. रुग्णवाहिकेतून त्यांना नगरला नेलं, आणि तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

ती वीस मिनिटं सुकन्याच्या डोक्यातून जाईनात. नगरमध्ये सावेडीच्या एका दवाखान्यात अकरा वर्षं नर्स म्हणून काम करून ती दोन वर्षांपूर्वी घोडेगावजवळच्या या ‘निवांत’ वृद्धाश्रमात व्यवस्थापक म्हणून आली होती. चोवीस म्हातारी माणसं तिच्या हवाली होती. कुणाचा रक्तदाब किती, कुणाला कोणती गोळी जेवणाआधी, हे तिला तोंडपाठ होतं. आणि तिच्या देखत एक माणूस दाराच्या पलीकडे वीस मिनिटं विव्हळत पडला होता.

त्याच आठवड्यात तपासणी समितीचं पत्र आलं. वीस तारखेला समितीच्या बाई येणार होत्या. सोबत सुरक्षेच्या निकषांची लांबलचक यादी होती. सुकन्याने ती उभ्या उभ्याच वाचली. ‘न्हाणीघर व शौचालयाच्या दारांना आतून कडी नसावी’ इथपर्यंत नजर गेली आणि तिने लगेच गावातून सुतार बोलावला. संध्याकाळपर्यंत सहाही दारांच्या कड्या निघाल्या. त्यांच्या जागी दारावर दोरीने पाट्या लटकल्या. एका बाजूला लाल रंगात ‘आत कोणी आहे’, उलटी केली की हिरव्यात ‘मोकळे’.

लोकांनी कुरकुर केली.

“पाटी उलटी करायची राहिली तर?” बन्सीकाकांनी विचारलं. बन्सी भिंगारदिवे एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. कुठलीही नवी वस्तू दिसली की आधी तिच्यातली खोट हुडकायची, ही त्यांची सवय.

“आत जायच्या आधी आवाज द्यायचा, काका,” सुकन्या म्हणाली. “गुरुजींचं काय झालं ते पाहिलंत ना?”

चार दिवसांत बहुतेकांना पाट्यांची सवय झाली. गोजरबाई मात्र एक शब्दही बोलली नव्हती. गोजरबाई पाथर्डीकडची. वय पंचाहत्तरच्या आसपास, नक्की तिलाही माहीत नाही. नवरा गेला, मूलबाळ नाही. भाच्याने दीड वर्षापूर्वी इथे आणून सोडलं, तेव्हापासून तिने कसलीच तक्रार केली नव्हती. भाजी खारट झाली तरी गुपचूप खायची.

पाचव्या दिवशी सीमा सुकन्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “ताई, गोजरआजींची बादली कोरडी ठाक असते. कडी काढल्यापासून त्या न्हाणीत पाऊलच टाकीनात.”

सुकन्याने गोजरबाईला गाठलं. “आजी, आंघोळ करत नाही का तुम्ही?”

“झाली की,” गोजरबाई म्हणाली.

आणि खरंच, केस ओले होते, लुगडंही धुतलेलं होतं. सुकन्या चक्रावली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला ती पाणी भरायला उठली तर फाटक अर्धवट उघडं. बाहेर दव पडलं होतं, आणि ओल्या गवतात पावलांची वाट दिसत होती. ती वाट पाटाच्या कडेने शेजारच्या उसाच्या फडाकडे जात होती. पाटावर आडवा टाकलेला सिमेंटचा खांब होता, शेवाळलेला. सुकन्या जपून त्यावरून पलीकडे गेली. पाऊल घसरलं असतं तर तिलाही सावरता आलं नसतं. पुढे पाण्याच्या मोटारीच्या हौदाशी उसावर लुगडं पसरलेलं दिसलं, आणि त्याच्या आडून पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

“आजी?”

आवाज थांबला. मग लुगड्यामागून उत्तर आलं, “थांब पोरी. इकडं येऊ नगंस.”

सुकन्या पाठ करून बांधावर बसली. जरा वेळाने गोजरबाई ओलं लुगडं पिळत बाहेर आली आणि तिच्या शेजारी बसली. थंडीने तिचे ओठ थरथरत होते. सुकन्याने अंगावरची शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली.

“आजी, तो खांब किती निसरडा आहे! तुम्ही पडला असतात तर कुणाला कळलंसुद्धा नसतं.”

“कळलं न्हाई तर न्हाई.” गोजरबाई बोलायला लागली. “म्या तीस वरसं ऊस तोडला. कोपरगावाकडं, कुटं कुटं. कोपीला दार नसतंय, पाचटाची झोपडीच ती. आंघूळ अशीच. पहाटं, गडीमानसं उठायच्या आत, उसाच्या आडाला. एकीनं करायची, दुसरीनं राखन करायची. कुनी खाकरलं तरी जीव गोळा व्हायचा. अर्ध्या अंगाला साबन तसाच ऱ्हायचा.”

सुकन्याने घसरलेली शाल पुन्हा तिच्या खांद्यावर ओढली.

“हितं आले तवा पयल्या दिशी न्हानीत गेले आन् कडी लावली. आतून. माझ्या हातानं. तुला खोटं वाटंल, तासभर बसले मी आत. पानी सपलं तरी बसले. भाईर समदे म्हनत्यात म्हातारी पडली का काय. म्या म्हनलं, पडले न्हाई, बसलीया.” ती हसली. मग तिचा आवाज खाली आला. “ती कडी तू काढलीस. पाटीचा काय भरवसा? मला वाचताबी येत न्हाई. मंग म्हनलं, आपला ऊस बरा.”

सुकन्याने गोजरबाईचा हात घट्ट धरून तिला खांबावरून पलीकडे आणलं.

आत आल्यावर सुकन्याने चहासुद्धा न घेता समितीची यादी पुन्हा काढली. या खेपेला खुर्चीत बसून, बोट ठेवून वाचली. ‘न्हाणीघर व शौचालयाच्या दारांना आतून कडी नसावी,’ आणि पुढच्या ओळीत, ‘जी अडचणीच्या वेळी बाहेरून उघडता येणार नाही. रहिवाशांचा खासगीपणा जपणे संस्थेवर बंधनकारक आहे.’ वाक्य अर्ध्यावर सोडून तिने सुतार बोलावला होता. नियमात काही चूक नव्हती. घाबरून वाचल्यामुळे तिला त्यातलं तेवढंच दिसलं होतं.

नाश्त्याच्या वेळी तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “माझं चुकलं. नियम मी पुरता वाचला नाही. कडी ठेवता येते, फक्त ती बाहेरूनही उघडली पाहिजे.”

“मग एवढंच ना?” बन्सीकाका पोह्यांची बशी बाजूला सारत म्हणाले. “आरपार पिन टाकायची. आतून मूठ, बाहेरून नुसती खाच. नाणं घाला, चमच्याची दांडी घाला, फिरवली की उघडली. बाहेरून मूठच नाही म्हटल्यावर चुकून कोण उघडणार? जुन्या कड्या टाकल्या तर नाहीत ना?”

कड्या गोदामात होत्या. काकांनी दोन दिवस कानस आणि ड्रिल घेऊन पडवीत ठाण मांडलं. सगळे येता-जाता डोकावत, सूचना करत, आणि काका कुणाचंच ऐकत नसत. तिसऱ्या दिवशी पहिली कडी दाराला बसली. गोजरबाईने आत जाऊन ती चार वेळा लावली, काढली. मग दारावरून हात फिरवला.

“आता परीक्षा,” सुकन्या म्हणाली. ती आत गेली, कडी लावली, आणि पडलेल्या माणसासारखी दाराला टेकून फरशीवर आडवी झाली. “काका, उघडा!”

बाहेरून खाचेत चमचा फिरला. कडी खटकन सरकली. काकांनी दार ढकललं. ते सुकन्याच्या पाठीला लागलं आणि थांबलं. त्यांनी जोर लावला. सीमाही लागली. दार वीतभर सरकलं आणि तिथेच अडलं.

“जरा बाजूला सरका ना, ताई,” सीमा म्हणाली.

“अगं, पडलेला माणूस कसा सरकेल?” आतून सुकन्या म्हणाली, आणि बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं.

तेवढ्यात बाहेर गोजरबाई बोलली. नेहमीसारखं पुटपुटत नाही, चांगलं मोठ्याने.

“गुरुजींच्या टायमाला बी ह्येच झालं हुतं! म्या हितंच हुबी हुते. कडी तवाच तुटली हुती. दार गुरुजींच्या अंगानं अडलं हुतं. आवो, आमच्या गोठ्याचं दार भाईर उघडायचं. बैल दाराशी आडवा बसला तर आत ढकलून काय उपेग? घोडेगावच्या बैलबाजारात कुनालाबी इचारा. जनावराला जे कळतंय ते मानसाला करायला नगं?”

काकांनी चमचा खाली ठेवला. “गोजरबाई, एवढे दिवस का नाही बोललात?”

“मला कुनी इचारलं?”

सुकन्या आतून बाहेर आली तेव्हा तिच्या पाठीला फरशीचं पाणी लागलं होतं. “खरंय, आजी,” ती म्हणाली. “विचारायला हवं होतं.”

विश्वस्तांना फोन केला, ते दुपारी येऊन बघून गेले, आणि दुसऱ्याच दिवशी गवंडी आणि सुतार कामाला लागले. सहाही चौकटी काढून उलट्या बसवल्या. दारं आता बाहेर उघडू लागली. पडवीतून जाणाऱ्याला धक्का लागेल, ही शंका काकांनीच काढली, म्हणून दारांसमोर फरशीवर पिवळा पट्टा मारला आणि चालण्याची वाट दोन हात पलीकडे नेली. शेवटची कडी अठरा तारखेच्या संध्याकाळी बसली.

वीस तारखेला समितीच्या पंकजा मॅडम आल्या. चाळिशीच्या, चष्मा लावलेल्या, फार न बोलणाऱ्या. त्यांनी औषधांची कपाटं उघडून तारखा पाहिल्या, गाद्या दाबून पाहिल्या, स्वयंपाकघरात डाळ चाखली. मग न्हाणीघरांकडे आल्या आणि दार बाहेर उघडताना पाहून थांबल्या.

“हे आधीपासून असंच आहे?”

“नाही,” सुकन्या म्हणाली. तिने गुरुजींचं पडणं, स्वतःची घाई, उसातली आंघोळ, सगळं सांगितलं, काहीही न लपवता. सांगताना तिला वाटत होतं, आता लागणार शेरा.

मॅडमनी ऐकून घेतलं. “त्या आजी कुठे आहेत?”

गोजरबाई पदर सावरत पुढे आली. मॅडमनी तिला खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर स्टूल ओढून घेतलं. “आजी, बाहेरून कडी उघडता येते आता. तुम्हाला चालेल का?”

गोजरबाईने सुकन्याकडे पाहिलं. सुकन्याने मान हलवली.

“चालंल. पर एक हाय. आदी नावानं हाक मारायची. दोनदा. आतून उत्तर आलं तर दाराला हात लावायचा न्हाई. न्हाई आलं तरच चमचा. आन् बाईमानसाच्या दाराला बाईमानसानंच.”

मॅडमनी वहीत ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलं आणि तिला वाचून दाखवलं. “बरोबर आहे का?”

“बराबर,” गोजरबाई म्हणाली. आपलं बोलणं कुणी कागदावर उतरवून पुन्हा आपल्याला ऐकवावं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. ती ताठ बसली होती.

अहवाल दहा दिवसांनी आला. शेरे दोन होते. मागच्या उताराला कठडा नाही, आणि रात्रीची घंटा शेवटच्या दोन खोल्यांत ऐकू जात नाही. पण न्हाणीघरांबद्दल लिहिलं होतं की ही रचना आणि ‘आधी हाक’चा नियम जिल्ह्यातल्या इतर वृद्धाश्रमांनी येऊन पाहावा. खाली आणखी एक ओळ होती: सुरक्षेचे बदल करण्यापूर्वी रहिवाशांना विचारण्याची पद्धत सुरू करावी.

सुकन्याने ती ओळ दोनदा वाचली. या वेळी पूर्ण.

पुढच्या महिन्यात रामहरी गुरुजी वॉकर घेऊन परतले. सगळे फाटकापर्यंत सामोरे गेले. नवं दार दाखवलं तेव्हा त्यांनी ते तीन-चार वेळा उघडून पाहिलं आणि म्हणाले, “माझ्या हाडाचा शाळेला उपयोग झाला म्हणायचा.”

“शाळा नाही गुरुजी, आश्रम,” सीमा म्हणाली.

“तेच ते,” गुरुजी म्हणाले.

महिन्याच्या पहिल्या रविवारी पडवीत रहिवाशांची बैठक ठरली. सतरंजी अंथरली, गुडघे दुखणाऱ्यांना खुर्च्या मांडल्या. सुकन्या वही घेऊन बसली आणि म्हणाली, “आज मी काहीच सांगणार नाही. तुम्ही बोला.”

आधी बन्सीकाकांनी कठड्याचं काढलं, लोखंडी नको, थंडीत हात गारठतो, लाकडी बसवा म्हणाले. गुरुजींना वर्तमानपत्र आठच्या आत हवं होतं. कुणी म्हणालं भाकरी जाड होते, कुणी म्हणालं पातळ होते, आणि त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली.

“गोजरआजी, तुमचं काय?” सुकन्याने विचारलं.

“न्हानीतला आरसा लई वर लावलाय,” गोजरबाई म्हणाली. “मला निस्तं कपाळच दिसतंय. जरा खाली घ्या.”

सुकन्याने लिहून घेतलं.

“आन् भाजीत मीठ लई पडतंय,” गोजरबाई पुढे म्हणाली. “दीड वरीस झालं.”

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली सीमा आधी लाजली, मग हसायला लागली, आणि तिच्यामागोमाग सगळी पडवी हसली.