भिकूच्या पोटावर शिकलेले डॉक्टर

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं पहिलं चित्र माझ्याच एखाद्या बहिणीनं काढलेलं असेल. तुम्ही तेव्हा आईच्या पोटात होता, म्हणून तुम्हाला आठवत नाही. मी सोनोग्राफीची मशीन. पाठीवरच्या पट्टीवर १९९८ हे साल आहे आणि आता २०१० चालू आहे. बारा वर्षांचं तुमच्यातलं पोर सातवीत असतं. मी मात्र निवृत्त झाले. रंगीत चित्र दाखवणारी नवी मशीन आली आणि मला सील ठोकून मागच्या खोलीत, मोडक्या सलाइन स्टँडांच्या घोळक्यात उभं करून ठेवलं. मला भंगारात काढायचं तरी सरकारला कळवावं लागतं, कारण आमच्यासारख्या यंत्रांचा वापर करून काही लोकांनी पोटातल्या मुली मारल्या. तेव्हापासून आमच्यावर कायद्याची नजर आहे, आणि ती असावी असंच मला वाटतं.

माझे सुटे भाग बोटीनं आले आणि जोडणी बंगळुरात झाली. १९९९च्या एप्रिलमध्ये एका टेम्पोतून पुण्याचा चांदणी चौक ओलांडून मी मुळशी तालुक्यात शिरले. भुकूमच्या पुढे, पौड रस्त्यालगत एका धर्मादाय संस्थेचं रुग्णालय होतं. तिथे माझं स्वागत थाटात झालं. कोणीतरी नारळ फोडला आणि त्याचं पाणी थेट माझ्या की-बोर्डात गेलं. 'वाय' अक्षराचं बटण त्या दिवशी जे रुसलं ते कायमचंच.

माझं काम तसं सोपं. माझ्या हातात, म्हणजे प्रोबमध्ये, माणसाला ऐकू न येणारा आवाज असतो. पोटावर थंडगार जेल लावून प्रोब टेकवला की तो आवाज आत जातो, कुठे काय आहे त्यावर आपटून परत येतो, आणि मी त्याचं करडं चित्र पडद्यावर मांडते. पाणी काळं दिसतं, खडा पांढरा दिसतो. काय दिसतंय ते मात्र मला सांगता येत नाही. ते सांगायला माणूस लागतो आणि तो माणूस शिकलेला लागतो. म्हणून तिथे डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचा सोनोग्राफीचा अभ्यासक्रम होता आणि त्याचे प्रमुख होते दयानंद सर.

सर नियमाचे पक्के. माझ्या डोक्यावरच्या भिंतीला 'विद्यार्थ्यांसाठी नियम' असा चांगला हातभर लांब कागद त्यांनी चिकटवला होता. प्रोब उजव्या हातातच धरायचा. सर खोलीत नसताना प्रोबला हात लावणारा त्याच दिवशी अभ्यासक्रमातून बाहेर. सरावासाठी कोणाला झोपवायचं असेल तर त्याला आधी विचारायचं, आणि तो नको म्हणाला तर का म्हणून विचारायचं नाही. सरावात काही दिसलं तर झोपलेल्या माणसाला चकार शब्द सांगायचा नाही, सरांना सांगायचं. प्रत्येक सरावाची मापं वहीत लिहून खाली सही करायची. नियम चांगले होते. मी अकरा वर्षं ते वाचत आले, मला त्यांत खोट सापडली नाही.

आता सरावाला पोट कोणाचं? विद्यार्थी एकमेकांसमोर शर्ट वर करायला लाजत. विद्यार्थिनींचा तर प्रश्नच नव्हता. अशा वेळी पुढे आला तो भिकू, पन्नाशीचा वॉर्डबॉय. काटकुळा माणूस, पोटावर चरबी नावाला नाही, आतलं सगळं आरशासारखं स्वच्छ. दर गुरुवारी सकाळी तो उपाशीपोटी येऊन कॉटवर आडवा होई आणि सराव संपला की पोरं त्याला मिसळ खिलवीत. त्याला याचा भलता अभिमान होता.

"माज्या पोटावर डाक्टर शिकत्यात," तो नव्या पेशंटांना सांगे. "तुमी काय घाबरताय? गारगार लागतंय, बाकी काय बी हुत न्हाई."

पहिल्याच तुकडीला भिकूच्या उजव्या किडनीत पाण्याची एक गाठ सापडली. निरुपद्रवी गाठ, अनेकांना असते. सरांनी स्वतः मोजली, दोन पॉइंट एक सेंटिमीटर, आणि भिकूला नीट समजावून सांगितलं. मग त्यांना वाटलं, परीक्षेला ही बरी आहे. झालं! दर सहा महिन्यांनी परीक्षेत एकच प्रश्न: भिकूची गाठ शोधा आणि मोजा.

सहा महिन्यांत उत्तर फुटलं. जाणारी तुकडी येणाऱ्या तुकडीला सांगू लागली, 'उजवीकडे, वरच्या टोकाला, दोन पॉइंट एक.' पोरं पडद्यावर मापाच्या दोन फुल्या ठेवत आणि आकडा दोन पॉइंट एक येईपर्यंत त्या मागेपुढे सरकवत. गाठ कधी दोन पॉइंट तीन असे, कधी एक पॉइंट नऊ. पण वहीत दोन पॉइंट एकच. राहिलेल्या ओळी भरायला तर पोटाकडे बघायचीही गरज नव्हती. यकृत नॉर्मल, पित्ताशय नॉर्मल, डावी किडनी नॉर्मल. प्रत्येकानं आधीच्याची री ओढली आणि खाली सही केली. त्याखाली सरांची सही असे. पोरं कामचुकार होती असं मी म्हणणार नाही, बाहेरच्या पेशंटांना ती नीट तपासत. भिकू मात्र त्यांना पाठ झाला होता, आणि पाठ झालेल्या गोष्टीकडे कोण कशाला बघतंय?

२००२ साली मी पहिल्यांदा दाखवलं. डाव्या किडनीच्या खालच्या टोकाला हरभऱ्याएवढं काहीतरी होतं. काळं पाणी नाही, करडं, भरीव. प्रोब त्यावरून घसरत गेला. पुढच्या वर्षी ते सुपारीएवढं झालं. मला ओरडता येत असतं तर मी ओरडले असते. मला फक्त दाखवता येतं.

२००५च्या जुलैत नलिनी साळवे आली. घोटावड्याची, चंद्रकांत साळव्यांची मुलगी, त्यांच्या वस्तीतली पहिली डॉक्टर. तिला तिकडेच सोनोग्राफीचं केंद्र काढायचं होतं, म्हणजे गावातल्या बायांना दिवस मोडून पुण्याला जावं लागणार नाही. जागा ठरली होती. अडलं होतं ते प्रमाणपत्रापाशी, कारण त्यावाचून केंद्राला परवानगी नाही. पोरगी हुशार, पण डावखुरी! उजव्या हातात प्रोब धरला की तो तिच्या हातात लाटण्यासारखा वळवळे. तिला भिकूची गाठही सापडेना. बाकीचे चार जण हसत. परीक्षा तीन आठवड्यांवर आली.

एका गुरुवारी ती आठलाच आली. सर नऊला येत. भिकू कॉटवर येऊन बसलेला होता.

"मामा, जरा हात बसवून घेऊ का? सर यायच्या आधी?" तिनं विचारलं. "तुम्हाला नको असंल तर ऱ्हाऊ द्या."

"घ्या की. मी काय, झोपायलाच आलोय," भिकू म्हणाला.

तिनं माझी चाकं मोकळी केली आणि मला ओढत कॉटच्या दुसऱ्या अंगाला नेलं. सहा वर्षांत मला तिथे कोणी नेलं नव्हतं. मग प्रोब डाव्या हातात घेऊन ती भिकूच्या डाव्या कुशीला बसली. हात कसा सरळ चालला म्हणून सांगू! तिकडून बसलं की पहिली भेटते ती डावी किडनी. नलिनीनं चित्र स्थिर केलं. फुल्या ठेवल्या. तीन पॉइंट आठ. पुसून पुन्हा मोजलं. तीन पॉइंट आठच.

"काय दिसतंय ओ, ताई?" भिकूनं विचारलं.

नियम तिला तोंडपाठ होता. "सर सांगतील, मामा," ती म्हणाली. तिनं जेल पुसलं, मला परत जागेवर ढकललं आणि वही उघडली. पानामागून पान, डावी किडनी नॉर्मल. सगळे चुकले आणि आपण तेवढ्या बरोबर, असं स्वतःबद्दल मानायला छाती लागते. त्यातून आपल्याला साधी गाठही सापडत नसताना!

नऊला सर आले, सराव सुरू झाला. नलिनीची पाळी आल्यावर तिनं उजव्या हातानंच प्रोब धरला आणि कॉटवरून वाकून डावीकडे न्यायला लागली. तोवर भिकूनं बाहेर जाऊन चहा मारला होता. पोटात गॅस झालेला, मला सगळीकडे धुकंच दिसत होतं.

"गाठ उजवीकडे आहे, डॉक्टर," सर म्हणाले. "डावीकडे काय शोधताय?"

पोरं फिस्सकन हसली. नलिनीनं गप्प बसायचं ठरवलं असतं तर कोणालाच काही कळलं नसतं. उजवीकडे वळायचं, दोन पॉइंट एक म्हणायचं आणि तीन आठवड्यांनी प्रमाणपत्र घ्यायचं. तिनं प्रोब खाली ठेवला.

"सर, जरा बाहेर येता?" ती म्हणाली.

दार अर्धवट उघडं होतं. "सकाळी तुम्ही नसताना मी प्रोब लावला. डाव्या हातानं. डाव्या किडनीत भरीव गाठ आहे, तीन पॉइंट आठ." एका दमात तिनं सगळं सांगून टाकलं.

सर आत आले. त्यांनी भिकूला उजव्या कुशीवर वळवलं, श्वास रोखायला सांगितला आणि मागून प्रोब टेकवला. मी दाखवलं. खोलीत कोणी हसलं नाही. सरांनी बाकीच्यांना बाहेर पाठवलं, नलिनीला मात्र थांबायला सांगितलं, आणि ते भिकूच्या शेजारी बसले. डावीकडे गाठ आहे, दोन-तीन वर्षांपासून वाढत असावी, पुण्याला जाऊन किडनी काढावी लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

भिकू कॉटवर उठून बसला. "इतकी जणं दर गुरुवारी बघत हुती, सायेब. कुणालाच दिसली न्हाई, का कुणी बघितलीच न्हाई?"

"बघितली नाही," सर म्हणाले. "मीही नाही."

इतक्या वर्षांत या खोलीत मी ऐकलेलं ते सगळ्यात अवघड वाक्य होतं. पण त्याच दुपारी सरांनी नियमाप्रमाणे नलिनीचं नाव अभ्यासक्रमातून कमी केलं. मला राग आला. जिनं माणूस वाचवला तिलाच घरी! ती मात्र भांडली नाही. सर म्हणाले, "आज तुम्हाला सोडलं तर उद्या कोणीही एकट्यानं येऊन कोणालाही झोपवेल. जानेवारीत पहिल्यापासून या, जागा ठेवतो." मग त्यांनी ती वही उचलली आणि स्वतःच्या सहीची पानं दाखवायला संस्थेच्या अध्यक्षांकडे, अण्णासाहेबांकडे गेले. अण्णासाहेबांनी "झालं गेलं विसरा," म्हणून वही परत केली. सर विसरले नाहीत. परीक्षेतली गाठ त्यांनी त्याच दिवशी बंद केली. घोटावड्याची जागा सहा महिने कुलपात राहिली. त्या महिन्यांत तिथल्या किती बायांनी पुण्याचे हेलपाटे घातले असतील, तेही मी हिशेबात धरते.

भिकूची किडनी निघाली. गाठ वाईटच होती, कॅन्सरची, पण तिच्याच वेष्टणात होती, बाहेर पसरली नव्हती. तीन महिन्यांनी तो कामावर आला, आणि मार्चमधल्या एका गुरुवारी उपाशीपोटी कॉटवर येऊन बसला. सरांनी नको म्हटलं. त्याची बायको गंगूबाईही पाठोपाठ आली आणि दारातूनच करवादली, "ह्यास्नी समजवा की वो! एक किडनी ऱ्हायली, तरी हितंच येऊन पडत्यात!"

"मंग काय नुसत्या चादरी बदलू?" भिकू म्हणाला. "माजं पोट हाय. मला इचारलंय, मी व्हय म्हनतोय."

नियमच तसा होता, सरांना माघार घ्यावी लागली. त्यांनी एवढंच केलं, कुशीवरचा टाक्यांचा व्रण झाकला जाईल अशी चादर ओढली आणि नव्या तुकडीला काही सांगितलं नाही. जुन्यांपैकी त्या खोलीत एकटी नलिनी होती, तिला गप्प राहायची ताकीद होती.

पहिला आला ऋषिकेश, बावधनचा. हात एकदम सफाईचा, सगळ्यांत पुढे. प्रोब फिरवत तो बोलत होता आणि नलिनी वहीत लिहीत होती. यकृत नॉर्मल. पित्ताशय नॉर्मल. उजवी किडनी, पाण्याची गाठ, दोन पॉइंट एक. गाठ त्या दिवशी दोन पॉइंट चार होती, पण आकडा त्याला कोणीतरी बाहेरच पोचवला होता. मग प्रोब डावीकडे गेला. तिथे मी त्याला आतड्याची धूसर सावली दाखवली, दुसरं काही दाखवण्यासारखं नव्हतंच.

"डावी किडनी," ऋषिकेश म्हणाला, "नऊ पॉइंट आठ. नॉर्मल."

नलिनीचं पेन थांबलं. भिकूनं मान उचलून त्याच्याकडे पाहिलं.

"आन मंग डाक्टर," त्यानं विचारलं, "पुण्यात काढून ठिवली ती कुणाची?"

ऋषिकेशचा चेहरा मी कधी विसरणार नाही. भिकू खो खो हसत होता आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सर हसले नाहीत. नलिनीनं वही ऋषिकेशपुढे धरली आणि त्यानं ती ओळ स्वतःच्या हातानं लिहिली.

मित्रांनो, माझी निगा राखा, मला धुळीपासून जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण कोणी विश्वासानं तुमच्यापुढे आडवं झालं, तर त्याच्याबद्दल आधी काय लिहून ठेवलंय ते नंतर वाचा, पहिल्यांदा त्याच्याकडे बघा. आणि दिसलं नाही, तर ऋषिकेशनं त्या दिवशी लिहिलं तसं लिहा: 'डावी किडनी मला दिसली नाही.'