टाकी लावलेला दांडा

डॉक्टर अरुणकुमारांनी ट्रेमधला दांडा धुऊन सोजराबाईंच्या तळहातावर ठेवला. वीतभर लांब, टायटॅनियमचा, कालच त्यांच्या सुनेच्या मांडीतून काढलेला.

“दोन बोटांनी निघाला, अक्का. हाडानं धरलं असतं तर हातोडा लागला असता.”

सोजराबाईंनी त्याच्या खरबरीत भागावर अंगठा फिरवला.

“टाकी तर चांगली हाय की.”

खाटेवर मंजुश्री जागीच होती. पायथ्याशी तिचा नवरा शिवशंकर मोबाईलमध्ये मान घालून बसलेला.

तीन महिन्यांपूर्वी रिक्षा उलटून तिचा खुबा मोडला, तेव्हा डॉक्टरांनी मांडीच्या हाडात बसवायचा असाच दांडा दाखवून समजावलं होतं. ह्या बारीक खड्ड्यांत हाड वाढतं आणि दांड्याला पकडतं. पण सहा आठवडे पायावर भार नको, हललं की पकड गेली. शिवशंकरने मान डोलावली. सोजराबाईंनी मात्र उभा जन्म जातं ओढलेलं. टाकी मारून खरबरीत केलेला दगड दळल्याबिगर नीट बसत नाही, हे ह्या शिकलेल्या माणसाला कोण सांगणार! मादन हिप्परग्याला घरी आल्यावर अकराव्या दिवशी त्यांनी सुनेच्या हातातला वॉकर काढून घेतला आणि घागर दिली.

“आतून करकरायलंय, आत्याबाई.”

“करकरणारच. नवी टाकी हाय. फीर.”

ती फिरली. पाणी, शेण, भाकरी. रडायला लागली की सोजराबाई दार लोटून घेत. शिवशंकर म्हणायचा, “आई सांगायलीय ते कर. कामून तमाशा करायलीस?” दया वगैरे कुणाला आली नाही, त्या घराला तिच्या कण्हण्याचा नुसता वैताग आला होता.

“आता लांब दांडा बसवलाय,” डॉक्टर म्हणाले. “हाड पार झिजलंय. हाही सुटला तर पुन्हा उभी राहायची नाही ही. कुणी चालवलं हिला?”

“तिनंच ऐकलं न्हाई, सर,” शिवशंकर मान वर न करता म्हणाला.

डॉक्टर मंजुश्रीकडे वळले. “तू सांग, बाई. घरी जमणार नसेल तर तीन महिने माहेरी राहा. मी तसं लिहून देतो.”

मंजुश्री कोपरावर रेटून थोडी उठली. उदगीरला आई होती, भाऊ होता. तिने तोंड उघडलं.

“जाऊ द्या की माहेरी,” सोजराबाई गोड आवाजात म्हणाल्या. “विजयश्री ऱ्हाईल माझ्यापाशी. चार वर्साची हाय, आईला इसरायला किती दिस लागतात?”

मंजुश्रीचं कोपर हळूहळू सरकलं. डोकं पुन्हा उशीवर टेकलं.

“व्हय,” ती म्हणाली. “मीच चालले.”

“बघा. माझी सून खोटं बोलायची न्हाई.” सोजराबाईंनी दांडा पदराला पुसून ट्रेमध्ये ठेवला आणि सुनेच्या पट्ट्या बांधलेल्या मांडीवर मायेने हात ठेवला. “डॉक्टर, ह्या नव्यालाबी टाकी लावलीय न्हवं?”