ट्रेलरवरचा उंबर

मंगलनं उंबर वाचवायचं ठरवलं तेव्हा गावात कुणाचीच हरकत नव्हती. हरकती सुरू झाल्या त्या उंबर ट्रेलरवर चढल्यावर.

कृष्णाकाठचं त्यांचं गाव मोठा पूर आला की खालच्या आळीपर्यंत पाण्यात जायचं. शेवटी संरक्षक भिंत आणि घाटाचं काम मंजूर झालं. मंगल त्याच वर्षी सरपंच झाली होती. भिंतीच्या रेषेत करंज, जांभळं, काही बाभळी आणि मधोमध तो उंबर येत होता. बाकीची झाडं तोडून त्यांच्या बदल्यात नवी लावायची असं ठरलं. उंबर मात्र दत्ताचं झाड; त्याला कुऱ्हाड लावायला मजूरच तयार होईनात. मंगलनं सांगलीचा ठेकेदार ऋषिराज याला सांगितलं की उंबर मुळासकट उचलायचा आणि दुसरीकडं लावायचा. तो बराच कुरकुरला, पण मोठी क्रेन मागवायला कबूल झाला.

पहिला खटका बदल्याच्या झाडांवरून उडाला. ऋषिराजनं टेम्पो भरून शोभेचे पाम आणले आणि नदीकाठी एका ओळीत लावून टाकले. याला ना सावली ना फळ, हे कशाला आणलंत, असं मंगलनं विचारलं, तर तो म्हणाला की फोटोत चांगले दिसतात. तिनं ते सगळे उपटून परत टेम्पोत भरायला लावले, आणि करंज-जांभळाची रोपं येईपर्यंत पुढच्या कामाला हात लावू दिला नाही. तेवढ्यावरून निम्मं गाव म्हणायला लागलं की बाई कामात खोडा घालते.

उंबरासाठी शाळेचं मैदान नक्की झालं होतं. ग्रामसभेत सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. फांद्या छाटून, मुळांभोवतीच्या मातीला ओलं गोणपाट गुंडाळून, दोरखंडानं आवळून उंबर ट्रेलरवर आडवा केला आणि शाळेशी आणला, तर फाटकाला कुलूप. आतून मुख्याध्यापक आले. उंबराखाली फळांचा सडा पडतो, माश्या घोंगावतात, पोरं घसरून पडतात, असं त्यांचं म्हणणं. मग हे ग्रामसभेत का बोलला नाहीत, असं मंगलनं विचारलं.

"तेव्हा झाड खरंच येईल असं वाटलं नव्हतं," मुख्याध्यापक म्हणाले.

ट्रेलर रस्त्यातच उभा राहिला. धनगरवाड्यातला धुळाबापू ते बघत होता. तो पुढं आला आणि म्हणाला की बिरोबाच्या माळावर जागा आहे, आम्ही पाणी घालू, मेंढरांना जवळ फिरकू देणार नाही. मंगलला हायसं वाटलं. तिनं ड्रायव्हरला माळाकडं वळायला सांगितलं. पण वेशीपाशी खालच्या आळीची माणसं आडवी उभी होती. नदीचं झाड माळावर जाऊ द्यायचं नाही, असं ती म्हणत होती. झाडाचं निमित्त होतं, हे सगळ्यांना कळत होतं. उंबर माळावर गेला असता तर दत्तजयंतीचा उत्सवही धनगरवाड्याकडं गेला असता, आणि तेच त्यांना नको होतं. मंगल त्यांच्याशी भांडत राहिली. धुळाबापूनं थोडा वेळ ऐकून घेतलं.

"बाई, आमच्यापायी भांडनं नगंत," तो म्हणाला. "तुमी झाडाचं बघा. ते सुकाया लागलंय."

तो घरी निघून गेला, आणि मंगलला मान वर करून बघवेना.

मग आप्पासो सुभेदार आले. फौजेतून निवृत्त झालेले, घाटाला लागून त्यांचा ऊस. रानाचा कोपरा देतो म्हणाले, पण वडिलांच्या नावाची पाटी लागली पाहिजे, आणि सावली उसावर पडता कामा नये.

"आप्पा, सावली कुठं पाडायची हे झाडाला कसं सांगायचं?" मंगलनं विचारलं.

आप्पासोंनी शांतपणे सांगितलं की फौजेत झाडांनासुद्धा चुना लावून ओळीत ठेवलेलं असतं, इथं शिस्तच नाही. पाटीवर तडजोड झाली असती. सावलीवर झाली नाही.

रात्रभर उंबर पंचायतीसमोर ट्रेलरवर पडून राहिला. सकाळी मंगल येऊन बघते तर बुंध्याला हळद-कुंकू लागलेलं, दोरखंडात फुलं खोचलेली, आणि म्हातारी मनुबाई चार-पाच बायका घेऊन ट्रेलरला प्रदक्षिणा घालत होती. ड्रायव्हर केबिनमध्ये अवघडून बसला होता. बायकांच्या मधून उतरावं कसं, हे त्याला कळत नव्हतं. गोणपाट कोरडं पडलं होतं. हळद वाहायला एवढी माणसं आली, पण एकानंही बादली आणली नव्हती. मंगलनं मनुबाईच्या पाया पडून विनवलं की मावशी, आता फेऱ्या पुरेत, पाणी आणा. मनुबाईला राग आला, पण पाणी आलं.

दुपारी ऋषिराजचा फोन आला. क्रेन दुसऱ्या कामासाठी मिरजेला न्यायची होती, संध्याकाळनंतर ती थांबणार नव्हती. मंगलनं पंचायतीत बैठक बोलावली. मुख्याध्यापक, आप्पासो, खालच्या आळीचे पुढारी, सगळे आले. प्रत्येकानं उंबराचं माहात्म्य सांगितलं. प्रत्येकानं दुसऱ्याच्या जागेचं नाव सुचवलं. शेवटी एकानं एक समिती नेमावी असा ठराव मांडला आणि दुसऱ्यानं त्याला अनुमोदन दिलं.

मंगल उठली. बाहेर आली, ट्रेलरच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसली आणि म्हणाली, चला. क्रेन मागून आली.

गावाबाहेर तिचं आणि धनाजीचं नवं घर बांधायचं होतं. धनाजी तिचा नवरा. घराच्या कामासाठी त्यानं आधी पाण्याच्या टाकीचा खड्डा खणून घेतला होता, आणि त्या दिवशी तो तिथंच विटा मोजून घेत होता. ट्रेलर आत वळलेला बघून त्याला सगळं कळलं.

"अगं, टाकीचा खड्डा हाय त्यो," तो म्हणाला.

"ठावं हाय मला."

"उंबराची मुळं भिंती फोडत्यात. हितं घर बांधायचंय आपल्याला."

"मग घर मागं सरकवा. त्या झाडाला कालपासनं लय सरकवलंय."

धनाजी विटांच्या ढिगावर बसला. तो ओरडला नाही, हेच मंगलला जड गेलं. कितीतरी महिने त्यानं त्या घराचा नकाशा कागदावर काढला आणि खोडला होता. तिनं त्याला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तोही गावासारखा नाही म्हणाला असता, आणि त्याचं नाही तिला खोडता आलं नसतं. क्रेननं उंबर उचलला. खड्ड्यात उतरताना तो एका अंगाला कलायला लागला. धनाजीला वाकडं काही बघवत नसे. तो उठला, दोर धरला आणि क्रेनवाल्याला हाताच्या खुणा करत झाड सरळ करून घेतलं. अंधार पडायच्या आत माती भरून झाली. धुळाबापूनं न सांगता लेंडीखताची पोती पाठवून दिली.

पुढं उरलीसुरली सगळी पानं गळली. उंबर नुसता खांब झाला. उन्हाळाभर मंगलला ऐकून घ्यावं लागलं की सरपंचबाईनं दत्ताचं झाड मारलं, वर स्वतःच्या दारात पुरलं. जे तोंडावर बोलले नाहीत ते पाणवठ्यावर बोलले. ती रोज पाणी घालत राहिली. एका सकाळी ती पाणी घालायला गेली तर धनाजी घराच्या चुन्याच्या रेषा पुसून मागं नव्या आखत होता. ती घरून चहा घेऊन आली. तो म्हणाला की अंगण मोठं होईल, तेवढंच.

पावसाच्या तोंडावर बुंध्यातून तांबूस कोंब फुटले. आठवड्याभरात मनुबाई ताट घेऊन आली. मुख्याध्यापकांनी पोरांची सहल आणू का म्हणून निरोप पाठवला. आणि घर उभं राहिल्यावर एका रविवारी आप्पासो आणि खालच्या आळीची मंडळी अंगणात येऊन बसली. उंबर गावचा आहे, तेव्हा बुंध्याभोवती सिमेंटचा भक्कम पार बांधून वर फरशी बसवावी, असं त्यांच्यात एकमतानं ठरलं होतं. एवढं एकमत मंगलनं त्या गावात पहिल्यांदाच बघितलं.

ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात धनाजी आतून आला.

"दर्शनाला कवाबी या," तो म्हणाला. "पर सिमेंट घिऊन येऊ नका. झाडासाठी म्या माझं घर हलवलंय."

मंडळी चहा घेऊन उठली. पाराचा विषय आधी कुणी काढला, यावरून त्यांचा वाद रस्त्याला लागेपर्यंत ऐकू येत होता. मंगलनं कप गोळा केले आणि झाडाला पाणी घालायला बादली उचलली.